उजनीचं पाणी: उपग्रहाचा आकडा आणि बाटलीतला नमुना कसा जुळवायचा

उन्हाळा लागला, उजनी धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे वापराचं पाणी संपून मृतसाठाच उरला, आणि पाण्यावर हिरवा तवंग दिसू लागला की सोलापुरात दोन गोष्टी फिरू लागतात. एक म्हणजे उपग्रहाचं रंगीत चित्र, त्यात यशवंतसागर, म्हणजे उजनीचा जलाशय, भडक लाल-पिवळा दिसतो. दुसरा कुठल्यातरी प्रयोगशाळेचा अहवाल, त्यात त्याच आठवड्यातलं पाणी बऱ्यापैकी ठीक असतं. मग वाद सुरू होतो की खोटं कोण. माझं मत विचाराल तर बहुतेक वेळा दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असतात. बिनसलेली असते ती जुळवणी. वेगळ्या वेळेचा, वेगळ्या जागेचा, वेगळ्या खोलीचा नमुना उपग्रहाच्या आकड्यासमोर उभा केलेला असतो.

हा लेख त्या जुळवणीबद्दल आहे. पर्यावरणशास्त्राचे विद्यार्थी, तलावांसाठी काम करणाऱ्या संस्था, पाणी तपासणाऱ्या छोट्या प्रयोगशाळा, अशा कुणालाही हे जमण्यासारखं आहे. उपग्रहाच्या प्रतिमा फुकट मिळतात. खर्च होतो तो होडी, बर्फ, गाळणकागद आणि रसायनांवर.

हे शास्त्र मुळात समुद्रावर वाढलं. १९७८ साली निंबस-७ उपग्रहावर समुद्राचा रंग मोजणारं पहिलं उपकरण गेलं. भारतानेही १९९९ मध्ये ओशनसॅट-१ आणि २०२२ मध्ये ओशनसॅट-३ त्याच कामासाठी पाठवले. त्यामुळे जुळवणीचे बरेच नियम खुल्या समुद्राच्या किंवा किनाऱ्याच्या पाण्यासाठी लिहिलेले आहेत. ते जसेच्या तसे उजनीवर लावले की गडबड होते. कुठला नियम ठेवायचा आणि कुठला बदलायचा, हे पुढे त्या-त्या टप्प्यावर सांगतो.

आधी ठरवा: उपग्रहाला काय दिसतं

उपग्रहाला पाण्याचा फक्त रंग आणि तापमान कळतं. रंग बदलणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत: शेवाळातलं क्लोरोफिल-ए, तरंगता गाळ आणि कुजलेल्या पानापाचोळ्याचा पाण्यात उतरणारा पिवळट-तपकिरी अंश. म्हणून क्लोरोफिल, गढूळपणा आणि पारदर्शकता या तीनच गोष्टींची थेट तुलना करा. विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी (घाण कुजताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन), नायट्रेट, सामू, कोलिफॉर्म जिवाणू यांना स्वतःचा रंग नसतो. यांचे "उपग्रहीय नकाशे" कुणी दाखवले तर ते रंगावरून बांधलेले अंदाज आहेत असं समजा. मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येणारं मैलापाणी उपग्रहाला दिसत नाही. त्याच्या खतावर माजलेलं शेवाळ दिसतं.

आणखी एक मर्यादा लक्षात ठेवा. विषारी असू शकणारं निळं-हिरवं शेवाळ ओळखायला ६२० नॅनोमीटरच्या आसपासचा पट्टा, म्हणजे तेवढ्या रंगाचा प्रकाश वेगळा मोजण्याची सोय, लागतो. तो सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांवर नाही. सेंटिनेल-३ वर आहे, पण त्याचा एक पिक्सेल ३०० मीटरचा. विष आहे की नाही हे तर कुठलाच उपग्रह सांगत नाही.

जागा

सेंटिनेल-२ चे पिक्सेल पट्ट्यानुसार १०, २० किंवा ६० मीटरचे असतात. क्लोरोफिलसाठी सगळ्यात कामाचा ७०५ नॅनोमीटरचा पट्टा २० मीटरचा आहे, म्हणून २० मीटर हेच आपलं माप. तुलनेला ३ × ३ पिक्सेलचा चौकोन लागतो, म्हणजे ६० मीटर लांब-रुंद निर्भेळ पाणी. शिवाय काठावरची झाडं आणि माती अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा) प्रकाश इतका परावर्तित करतात की तो हवेत विखरून शेजारच्या पाण्याच्या पिक्सेलमध्ये मिसळतो. काठापासून किमान १०० मीटर आत जावं, २०० गेलात तर उत्तम.

या हिशेबात शहरातला सिद्धेश्वर तलाव अवघड विद्यार्थी आहे. मध्ये मंदिर, चारी बाजूंनी वस्ती, आणि पाणी आटलं की मोजके पिक्सेल उरतात. सराव तिथे करायला हरकत नाही, निष्कर्ष काढू नका. अदिला नदीवरचा एकरूख तलाव, म्हणजे आपला हिप्परगा, भरलेला असेल तर बरा. खरं काम उजनीवरच होतं.

उजनीची गंमत अशी की एकूण सुमारे ११७ टीएमसी साठ्यापैकी साधारण ६४ टीएमसी मृतसाठा आहे. म्हणूनच धरण वजा पातळीत जातं पण रिकामं होत नाही. मात्र काठ फार सरकतो. ऑक्टोबरात ज्या ठिकाणी होडी नेली तिथे मे महिन्यात गाळपेर पीक उभं असू शकतं. म्हणून ठिकाणं निवडताना आधीच्या एखाद्या मे महिन्याची प्रतिमा उघडा आणि तेव्हाही पाण्यात असलेल्या जागा घ्या. निदान सहा-सात ठिकाणं ठेवा: काही भीमानगरच्या भिंतीकडच्या खोल पाण्यात, काही केत्तूर-पळसदेवच्या बाजूला मधोमध, काही भिगवणकडच्या हिरव्यागार पट्ट्यात. सगळी ठिकाणं सारख्याच पाण्यात घेतली तर आलेख काढायला काही उरतच नाही.

उथळ जागा टाळा. तळ दिसतो तिथे उपग्रह पाण्याऐवजी तळ मोजतो. जलपर्णीपासूनही लांब राहा. एका पिक्सेलमध्ये तिचा तुकडा आला तरी क्लोरोफिल अचाट वाढलेलं दिसतं.

वेळ

बहुतेक जण आधी नमुने घेतात आणि मग त्या तारखेची प्रतिमा शोधतात. क्रम उलटा करा. सेंटिनेल-२ ची उपग्रहजोडी दर ५ दिवसांनी आपल्यावरून जाते. लँडसॅट ८ आणि ९ हे अमेरिकी उपग्रह मिळून दर ८ दिवसांनी. पुढच्या फेऱ्यांचं वेळापत्रक दोन्हींच्या अवकाश संस्था आधीच जाहीर करतात. ते काढा, पुढच्या चार-पाच तारखा वहीत लिहा आणि होडीवाल्यांशी बोलून ठेवा.

सेंटिनेल-२ सोलापूरवरून सकाळी अकराच्या आगेमागे जातो, लँडसॅट त्याच्या थोडं आधी. प्रतिमेच्या नोंदीत वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार असते. तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. नोंदीत ०५:३० दिसलं म्हणजे आपल्याकडचे अकरा वाजले. ही बेरीज विसरून पहाटेचा नमुना जोडलेले तक्ते मी पाहिले आहेत.

समुद्रावरचा रूढ नियम आहे की नमुना आणि उपग्रह यांच्यात ३ तासांपेक्षा जास्त अंतर नको. उजनीवर मी ते एका तासावर आणेन. कारण सरळ आहे: शांत सकाळी निळं-हिरवं शेवाळ वर तरंगून येतं आणि वारा सुटला की तासाभरात खाली मिसळतं किंवा एका काठाला जाऊन साचतं. तेच पाणी, पण दहा वाजताचं आणि एक वाजताचं क्लोरोफिल भलतंच वेगळं. म्हणजे एका फेरीत दहा ते बारा या वेळात जेवढी ठिकाणं होतील तेवढीच खरी. दोन होड्या मिळाल्या तर सोनंच.

ऋतूंचं म्हणाल तर ऑक्टोबर ते मार्च हा काळ सगळ्यात सोयीचा. पावसाळ्यात ढग असतात. एप्रिल ते ऑगस्ट सूर्य डोक्यावर असतो. सोलापूरच्या अक्षांशावर तो मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैअखेरीस थेट माथ्यावर येतो, आणि पाण्यावरून परतणारी चमक सरळ कॅमेऱ्यात शिरते. पण हिरवं पाणी नेमकं उन्हाळ्यात, त्यामुळे त्या प्रतिमा टाळून चालत नाही. चमक ओळखायचा उपाय पुढे आहे.

सुरक्षेचं इथेच सांगून टाकतो. २०२४ च्या मे महिन्यात कुगाव आणि कळाशीच्या दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. उन्हाळ्यात दुपारनंतर उजनीवर वावटळ कधी उठेल सांगता येत नाही. प्रत्येकाच्या अंगात जॅकेट, बारापर्यंत काम आटोपून काठावर. भिंतीजवळच्या भागासाठी पाटबंधारे खात्याची परवानगी आधी घ्या.

पाण्यावर पोचल्यावर

होडी थांबवा, इंजिन बंद करा आणि दोन मिनिटं जाऊ द्या. पंख्याने ढवळलेलं पाणी नमुन्यात नको. मग पहिलं काम सेकी चकती. ही २० सेंटिमीटर व्यासाची काळी-पांढरी चकती असते. १८६५ मध्ये भूमध्य समुद्रात अँजेलो सेकी यांनी ही पद्धत तपासली आणि आजही तिच्याइतकं स्वस्त आणि भरवशाचं साधन नाही. फॅब्रिकेशनवाल्याकडून पत्र्याची करून घ्या, खाली वजन आणि वर खुणा केलेली, ताणली न जाणारी दोरी लावा. होडीच्या सावलीच्या बाजूने सोडा. दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, यांची सरासरी घ्या. दोन माणसांनी वेगवेगळं वाचावं.

ही चकती फक्त पारदर्शकतेसाठी नाही. नमुना किती खोलीपर्यंतचा घ्यायचा हेही तीच सांगते. ढोबळ नियम असा की उपग्रहाला मिळणारा बहुतेक प्रकाश सेकी खोलीला १.७ ने भागून येणाऱ्या थरातून परततो. चकती ६० सेंटिमीटरवर हरवली तर उपग्रहाने पाहिलेला थर जेमतेम ३५ सेंटिमीटरचा. मग दीड मीटरवरून घेतलेला नमुना उपग्रहाच्या आकड्याशी जुळणार कसा? तेवढ्याच थराचं पाणी एकत्र घ्या. रुंद पाइप उभा बुडवून वरून बंद करून उचलला की काम होतं. पृष्ठभागावरचा तवंग खरवडून घेऊ नका आणि तो बाजूला सारूनही घेऊ नका. तवंग असेल तर नोंद करा, फोटो काढा.

एका ठिकाणी एकच नमुना हा सगळ्यात महागात पडणारा काटकसरीपणा. २०-३० मीटरच्या अंतराने तीन घ्या. एक बाटली म्हणजे लिटरभर पाणी, एक पिक्सेल म्हणजे ४०० चौरस मीटर. तीन नमुन्यांतच चाळीस टक्के फरक असेल तर उपग्रहाने वीस टक्के चुकलं म्हणून ओरडण्यात अर्थ नाही.

गढूळपणा जागेवरच मोजा. मीटर त्याच सकाळी प्रमाण द्रावणाने तपासून घ्या आणि तो पांढऱ्या प्रकाशाने मोजतो की अवरक्त प्रकाशाने हे लिहून ठेवा. पहिल्याचं एकक एनटीयू, दुसऱ्याचं एफएनयू. रंगीत पाण्यात दोघांचे आकडे वेगळे येतात, आणि दोन मीटरचे आकडे एका तक्त्यात मिसळले की नंतर कुणालाच उलगडा होत नाही.

वहीत प्रत्येक ठिकाणी वेळ, जीपीएस, वारा, लाटा, ढग आणि जलपर्णी किती लांब आहे हे लिहा. आकाश निरभ्र असेल पण सूर्यावर पातळ पांढुरका पडदा असेल तर तेही लिहा, कारण उपग्रहाच्या ढग-गाळणीतून तसले ढग हमखास निसटतात.

प्रयोगशाळेपर्यंत

क्लोरोफिल उजेडाने आणि उष्णतेने मोडतं. काळ्या बाटल्या, नाहीतर फॉइल गुंडाळलेल्या, बर्फ भरलेल्या थर्माकोलच्या पेटीत. मासळीच्या व्यवहारामुळे भिगवणला बर्फाची अडचण नसते. त्याच दिवशी ०.७ मायक्रॉनच्या काचतंतू गाळणकागदातून गाळा. हिरव्या पाण्यात १०० ते २०० मिलिलिटरलाच कागद तुंबतो. तुंबला तर जोर लावू नका, गाळलेलं प्रमाण लिहा. तपासणी लगेच होणार नसेल तर कागद दुमडून उणे २० अंशांवर ठेवा.

९० टक्के ॲसिटोनमध्ये अर्क काढून ६६४, ६४७, ६३० आणि ७५० नॅनोमीटरवर शोषण मोजतात. ७५० चं मूल्य बाकी तिन्हींतून वजा करायचं, कारण ते अर्काच्या गढूळपणाचं असतं. मग अर्कातलं क्लोरोफिल-ए = ११.८५ × (६६४ चं) − १.५४ × (६४७ चं) − ०.०८ × (६३० चं). समजा ही तीन मूल्यं ०.३०, ०.०८ आणि ०.०५ आली. उत्तर ३.४३ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. अर्क १० मिलिलिटर, गाळलेलं पाणी अर्धा लिटर, क्युव्हेट (अर्क ठेवून मोजायची छोटी पारदर्शक पेटी) १ सेंटिमीटर, म्हणजे पाण्यात सुमारे ६९ मायक्रोग्रॅम प्रति लिटर. मेलेलं शेवाळ जास्त असेल तर आम्ल घालून दुसरं वाचन घ्यायची पद्धत आहे, ती प्रयोगशाळेला करायला सांगा.

प्रतिमा

कोपर्निकस डेटा स्पेस या युरोपीय संकेतस्थळावरून प्रतिमा उतरवा किंवा गूगल अर्थ इंजिनमध्ये उघडा. नकाशाची प्रणाली यूटीएम विभाग ४३ उत्तर, सोलापूर जिल्हा त्यात बसतो.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला हवेचा. पाण्यावरून उपग्रहापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशातला बहुतांश भाग पाण्याचा नसतोच, हवेतून विखुरलेला असतो. तो वजा करण्याला वातावरणीय दुरुस्ती म्हणतात. तयार मिळणारी एल-२ए प्रतिमा सेन-टू-कोर या पद्धतीने दुरुस्त केलेली असते, आणि ती पद्धत जमिनीसाठी रचलेली आहे. पाण्यासाठी ॲकोलाइट किंवा स्नॅप या मोफत सॉफ्टवेअरमधली सी-टू-आर-सी-सी वापरून बघा. माझा सल्ला, दोन पद्धतींनी काढा. दोघांत जिथे मोठा फरक येतो, तिथे कुठल्याच आकड्यावर फार भरवसा ठेवू नका.

दुसरा खड्डा लहान दिसतो पण त्यात पडणारे खूप. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या साठवलेल्या आकड्यांत १००० जास्तीचे मिळवलेले असतात. १०,००० ने भागण्याआधी ते वजा करावे लागतात. अर्थ इंजिनमधला "हार्मोनाइज्ड" संच हे स्वतः करतो, पण हाताने उतरवलेल्या फाइलमध्ये आपल्यालाच करायचं. नाही केलं तर काय होतं ते बघा. समजा ६६५ नॅनोमीटरच्या पट्ट्यात १४२० आणि ७०५ च्या पट्ट्यात १७८० आहे. वजा केल्यावर परावर्तन, म्हणजे पडलेल्या प्रकाशातला परतलेला वाटा, ०.०४२ आणि ०.०७८. दोघांची वजाबाकी भागिले बेरीज, म्हणजे एनडीसीआय हा निर्देशांक, ०.३० येतो. १००० वजा न करता तोच निर्देशांक ०.११ येतो.

याला क्लोरोफिलमध्ये बदलायला २०१२ साली मांडलेलं एक सूत्र सर्रास वापरतात: १४.०३९ + ८६.११५ × निर्देशांक + १९४.३२५ × निर्देशांकाचा वर्ग. पहिल्या मूल्याने ५७ मायक्रोग्रॅम, दुसऱ्याने २६. एका वजाबाकीवरून पाणी निम्म्याने स्वच्छ! आणि हे सूत्र अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या खाड्यांच्या पाण्यावर घडवलेलं आहे. उजनीवर ते सुरुवातीचा अंदाज म्हणून घ्या, बाटली आणि उपग्रह यांच्या आकड्यांच्या स्वतःच्या जोड्या जमल्या की स्वतःचं काढा. खुल्या समुद्रावर चालणारं निळ्या-हिरव्या गुणोत्तराचं सूत्र मात्र इथे मुळीच लावू नका. गाळ आणि पिवळट अंश निळा प्रकाश आधीच गिळून बसलेले असतात.

मग पाण्याचा मुखवटा, म्हणजे प्रतिमेतलं फक्त पाणी ठेवून बाकी झाकणं. प्रत्येक तारखेचा वेगळा काढा, जुना चालत नाही. हिरव्या आणि १६१० नॅनोमीटरच्या पट्ट्यावरून काढा, कारण दाट शेवाळ ८४२ च्या पट्ट्यात जमिनीसारखं वागतं आणि त्यावर बेतलेला मुखवटा नेमकं सगळ्यात खराब पाणी कापून टाकतो. १६१० चा पट्टा चमकही पकडतो. तिथला प्रकाश पाणी जवळजवळ पूर्ण शोषतं, म्हणून खुल्या पाण्यावर तिथे काही दिसलंच तर ते वरच्या चमकेचं किंवा पातळ ढगाचं. तसे पिक्सेल बाद. तवंग किंवा जलपर्णी असेल तर खरा रंग दाखवणारी प्रतिमा डोळ्यांनी बघून ठरवा.

जोडी लावणं

नमुन्याच्या ठिकाणाभोवतीचे ९ पिक्सेल घ्या. निम्म्याहून जास्त बाद झाले तर ती जोडी सोडा. उरलेल्यांचं मध्यक घ्या आणि प्रमाण विचलनाला (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) सरासरीने भागा. समुद्रावर हे गुणोत्तर ०.१५ च्या वर गेलं की जोडी टाकतात. उदाहरणार्थ, परावर्तनाची सरासरी ०.०४० आणि विचलन ०.००४ असेल तर १० टक्के, ठीक. विचलन ०.००९ असेल तर साडेबावीस, बाद. उजनीच्या हिरव्या पट्ट्यात हा नियम कडक पडतो. तिथे ०.२५ पर्यंत ढील देऊन त्या जोड्यांना वेगळी खूण करावी असं मला वाटतं.

आता आलेख. क्लोरोफिल ५ पासून २०० पर्यंत पसरतं, म्हणून दोन्ही अक्ष लॉगमध्ये ठेवा आणि १:१ ची तिरकी रेघ आधी काढा. सहसंबंधाच्या वर्गावर (आर-वर्गावर) खूश होऊ नका. समजा बाटलीत ८, १५, ४० आणि ९० आले आणि उपग्रहाने १२, २२, ६० आणि १३५ सांगितले. सहसंबंध जवळजवळ पूर्ण १ येईल, आणि तरी उपग्रह प्रत्येक वेळी दीडपट सांगतो आहे. म्हणून दोन आकडे काढा. उपग्रह भागिले बाटली या गुणोत्तराचं मध्यक, त्यातून झुकाव कळतो. आणि गुणोत्तराच्या लॉगच्या निरपेक्ष मूल्यांची सरासरी, त्यातून विखुरलेपण कळतं. स्वतःचं सूत्र बसवत असाल तर काही तारखा पूर्ण बाजूला ठेवून फक्त तपासणीसाठी वापरा. एकाच तारखेची निम्मी ठिकाणं बाजूला ठेवणं पुरेसं नाही, कारण त्या दिवशीची हवा सगळ्यांना सारखीच असते. पंचवीस-तीस चांगल्या जोड्या होईपर्यंत सूत्र जाहीर करण्याची घाई नको.

फरक का आला ते ओळखणं

एका तारखेच्या सगळ्या जोड्या एकाच बाजूला सरकल्या असतील तर संशय हवेच्या दुरुस्तीवर, चमकेवर किंवा त्या १००० वर घ्या. फक्त काठाजवळचे बिंदू वर असतील तर जमिनीचा विखुरलेला प्रकाश. फक्त जास्त क्लोरोफिलच्या ठिकाणी उपग्रह वर आणि बाटली खाली असेल तर तवंग: उपग्रह वरचा थर बघतो, बाटलीने खालचं पाणी घेतलं. उलट, सगळ्याच तारखांना बाटली खाली येत असेल तर बर्फ वेळेवर मिळाला का, कागद उन्हात राहिला का हे विचारा. प्रयोगशाळेचा आकडा हाच अंतिम, असं धरून चालू नये. पहिल्या पावसानंतर गाळ आला की निर्देशांक हलतो आणि क्लोरोफिल वाढल्यासारखं दिसतं. तेव्हा गढूळपणाचा आकडा शेजारी ठेवूनच वाचा.

हीच पद्धत घेऊन कुणी रत्नागिरी-मालवणला जाणार असेल तर एक गोष्ट नव्याने मिळवावी लागेल, ती भरती-ओहोटी. खाडीच्या तोंडाशी पाणी तासाभरात बदलतं, म्हणून नोंदीत भरतीची वेळ हवी आणि ठिकाणं खाडीपासून लांब हवीत. उजनीत जे काम वारा करतो, तिथे वारा आणि भरती दोघं मिळून करतात.

अहवाल लिहिताना किती जोड्या गोळा केल्या, किती बाद केल्या आणि कुठल्या कारणाने, हे पहिल्या पानावर घाला. बाद जोड्यांचा तक्ताही शेवटी जोडा. आणि रंगीत नकाशा देणार असाल तर त्याच्या कोपऱ्यात तारीख, भारतीय वेळ, धरणाची त्या दिवशीची टक्केवारी, वापरलेली दुरुस्ती-पद्धत आणि तुमच्या गुणोत्तराचं मध्यक छापा, कारण व्हॉट्सॲपवर जाताना मजकूर गळून पडतो आणि नकाशा तेवढा पुढे जातो.